बट्टी, ओव्हन आणि स्टेंटरचा ब्लोअर

सुरतेत खानदेशी घर ओळखायचं असेल तर रविवारी दुपारी बाराच्या सुमारास लिंबायत, नवागाम, डिंडोलीच्या गल्ल्यांमधून एक चक्कर मारावी. ज्या जिन्यातून ओवा-हळदीचा आणि तळणाचा वास खाली येतो, ते घर आपलं. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. ताप्ती लाइनच्या गाडीत बसून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडून जी माणसं उधन्याला उतरली आणि लूम्समध्ये, मिलमध्ये लागली, त्यांनी शेत गावाकडे ठेवलं पण बट्टी बरोबर आणली.

आमच्याकडे हा रविवार ठरलेला असायचा. हे चार भाऊ, सगळे सुरतेतच. आमचं घर थोरलं, शिवाय सासूबाई आमच्याकडे, त्यामुळे महिन्यातला एक रविवार सगळे इथेच जेवायचे. वीस-बावीस पानं सहज होत. बट्टीची रीत तुम्हाला माहीतच आहे. गव्हाचं जाडसर दळलेलं पीठ, त्यात थोडा मका, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. मळून मुटके करायचे, ते पाण्यात उकळायचे किंवा ढोकळ्याच्या भांड्यात वाफवायचे, गार झाले की कापायचे आणि तळायचे. गावाकडे गोवऱ्यांवर भाजतात त्याची चव निराळीच, पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गोवऱ्या कुठे पेटवणार?

तीन वर्षांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी तळलेलं बंद आणि तूप मोजून असं सांगितलं. पहिल्या एक-दोन रविवारी आम्ही नेहमीसारखंच केलं. सगळ्यांच्या ताटात बट्टी, ह्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी. हे काही बोलले नाहीत. पण धाकट्या दिरांना ते बघवलं नाही. मग एकदा त्यांना काम निघालं, एकदा मुलांची परीक्षा आली, आणि वर्षभरात रविवारचं येणं जवळजवळ थांबलंच. भांडण नाही, रुसवा नाही, फक्त दादासमोर तळलेलं खायला कोणाला नको वाटे. हे मात्र रविवारी अकरा वाजले की गॅलरीत जाऊन उभे राहायचे आणि खाली कोणाची गाडी लागते का ते बघायचे.

ओव्हनचा विषय निघाला तो यातून. केक-पिझ्झासाठी नव्हे.

मुलगा म्हणाला, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घेऊ, एकात सगळं होतं. माझी बहीण नंदुरबारला असते, तिच्याकडे साधा ओटीजी आहे. वर-खाली गरम होणाऱ्या कांड्या, मध्ये जाळी, पंखा नाही. ती म्हणे, तेवढंच पुरतं, उगाच पैसे घालवू नका. शेजारच्या गुजराती वहिनींकडे मायक्रोवेव्ह होताच. म्हणून मी दोन्हीकडे बट्टी करून बघितली, एकाच पिठाची, एकाच मापाची.

बहिणीच्या ओटीजीत बट्टी आधी खालून लाल झाली, वरून फिकीच राहिली. मध्येच दार उघडून उलटवावी लागली. मागच्या कोपऱ्यातल्या जास्त भाजल्या, दाराकडच्या कमी. दोन ट्रे एकदम लावले तर वरचा आणि खालचा ट्रे अदलाबदल करत बसा. वहिनींच्या कन्व्हेक्शनमध्ये रंग सगळीकडे सारखा आला आणि वरचा पापुद्रा कुरकुरीत झाला, थेट तळल्यासारखा. पण आत फिरणारी गोल ताटली, तिच्यावर मावेल तेवढंच भाजायचं. एका वेळी दहा-बारा बट्ट्या. बावीस पानांसाठी किती वेळा लावणार? चौकोनी ट्रे ठेवला की तो भिंतीला अडतो आणि ताटली फिरत नाही.

हा पापुद्रा कशामुळे आला, हे मला ह्यांनी समजावलं. त्यासाठी ह्यांना कुठलंही पुस्तक लागलं नाही. पांडेसऱ्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये ह्यांनी एकोणतीस वर्षं स्टेंटर चालवलं. ज्यांच्या घरात मिलचं माणूस आहे त्यांना हे मशीन माहीत असेल. ओली साडी दोन्ही काठांना पकडून एका लांब पेटीतून पुढे सरकते, आणि आत ब्लोअर वरून-खालून गरम हवा तिच्यावर मारतात. पॉलिस्टरचा ताका सेट करायला 180 ते 200 डिग्री लागते. "आपली बट्टीही तेवढ्यावरच भाजतात," हे म्हणाले. "ओल्या कापडाभोवती ओलसर हवेचा एक थर बसलेला असतो. ब्लोअर बंद पडला तर पेटी तेवढीच गरम असते, पण तो थर हलत नाही आणि कापड ओलंच बाहेर येतं. पंखा तो थर उडवून लावतो, म्हणून वरचं पटकन वाळतं. कन्व्हेक्शन म्हणजे दुसरं काय? छोटं स्टेंटर!"

आजारपणानंतर ह्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून मीही मुद्दाम प्रश्न विचारत गेले. मग पंखा असला की सगळंच चांगलं का? तर नाही. वरचं पटकन वाळतं म्हणजे जे मऊ राहायला हवं तेही वाळतं. केकचं पातळ मिश्रण फुलायच्या आत वरून घट्ट झालं तर मध्ये फुगवटा येऊन तडकतं. शिवाय पंखा लावला की पाककृतीत दिलेल्या आकड्यापेक्षा साधारण 20 डिग्री कमी ठेवायची आणि वेळेच्या थोडं आधीच डोकावायचं, हे दुकानदारानेही सांगितलं.

सासूबाईंचं म्हणणं मात्र वेगळंच. वय ऐंशीच्या पुढे, घरात अजून अहिराणीच बोलतात. त्या एकच वाक्य बोलल्या, "तूप नही ते बट्टी कसानी?" त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

त्यांचा जीव दुसऱ्या एका गोष्टीत मात्र होता, नानकटाईत. गावाकडे उन्हाळ्याच्या सुटीत पीठ, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटं घरी आणायची, हे तुम्हीही केलं असेल. सुरत तर नानकटाईचंच गाव. 1861 सालापासूनची दोटीवाला बेकरी इथली, आणि डच लोकांच्या भट्टीतून ही विद्या पारशांकडे आली असं इथे सांगतात. ताडी घालून पीठ फुगवायचे म्हणे. सासूबाईंना त्या इतिहासाशी कर्तव्य नाही. त्यांना भट्टीचा तो संथ शेक हवा होता. त्यात नानकटाई हळूहळू पसरते, वरून भेगाळते आणि तोंडात विरघळते. हा शेक साध्या ओव्हनमध्ये छान मिळतो, वारा लागत नाही म्हणून.

म्हणजे बट्टीला पंखा हवा आणि नानकटाईला नको. शेवटी आम्ही पंख्याचं बटण वेगळं असलेला मोठा ओटीजी घेतला. पंखा हवा तेव्हा लावा, नको तेव्हा बंद ठेवा. दूध गरम करायला तो उपयोगाचा नाही, मुलगा अजून त्यावरून बोलतो. पण आमच्या घरात स्टीलच्या वाट्या, पितळी डबे, ॲल्युमिनियमची ताटं. मायक्रोवेव्हमध्ये यातलं काही चालत नाही, आणि ऐंशीच्या बाईला कुठलं भांडं चालेल हे रोज कोण सांगणार? इथे प्लास्टिकची मूठ नसलेलं असं धातूचं भांडं चालतं.

घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगते. दुकानातून आणण्याआधी स्वयंपाकघरातला प्लग बघा. मिक्सरच्या छोट्या पॉइंटवर हा चालवू नका. आम्ही मीटरपासून वेगळी वायर ओढून 16 अँपिअरचा पॉइंट घेतला. बिलाची लोक उगाच धास्ती घेतात. 1500 वॅटचा ओव्हन तासभर अखंड चालला तरी दीड युनिट, आणि तापमान आलं की तो मधून मधून आपोआप बंदही होतो. मे महिन्यात दुपारी मात्र लावू नये, सुरतेच्या दमट गरमीत स्वयंपाकघराचीच भट्टी होते. आणि भरताची वांगी त्यात भाजायचा विचारही करू नका. वांगं शिजतं, पण धुराचा वास नाही, तर ते भरत कसलं!

दिवाळीनंतरच्या रविवारी मी दिरांना मुद्दाम फोन केले. सकाळी वाफवलेल्या बट्ट्या कापून, ब्रशने तेलाचा नुसता हात लावून 190 वर, पंखा चालू करून ठेवल्या. हे शेजारी खुर्ची टाकून बसले, हातात घड्याळ. ड्यूटीवर बसायचे तसेच. सतरा मिनिटांनी म्हणाले, "काढ." सगळ्यांच्या ताटात एकच बट्टी आली, ह्यांच्याही. तुपाची वाटी फिरली, ह्यांनी मोजून एक चमचा घेतला. धाकटे दीर बराच वेळ खाली मान घालून जेवत होते. सासूबाईंनी मात्र स्वतःच्या बट्टीवर वाटीभर तूप ओतलं, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "मस्त व्हयनी." ओव्हनला म्हणाल्या की तुपाला, ते कळलं नाही.

कानबाईचे रोट त्यात होणार नाहीत, हे त्यांनी आधीच बजावून ठेवलंय, आणि मलाही ते पटतं. बाकी फ्रिजवर ह्यांनी मिलच्या रजिस्टरसारखा एक कागद लावलाय: तारीख, माल, डिग्री, पंखा, मिनिटं. या रविवारी चोवीस माणसं आहेत, म्हणजे दोन ट्रेचे तीन घाणे. पहिला साडेदहाला लागायला हवा.