शून्याचा रकाना

विद्वत्ता मोजण्याचा तराजू आता निघाला आहे, हे मला ऐकून ठाऊक होते. पण तो हातात धरण्याचा प्रसंग गेल्या जूनमध्ये आला. आमच्या महाविद्यालयात मराठीची एक जागा भरावयाची होती आणि निवड समितीवर माझी वर्णी लागली. प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे एक रकाना होता : त्याच्या लेखनाचा इतरांनी किती वेळा हवाला दिला?

एकाने सत्तावीस लेख आणले होते. दुसऱ्याचा लेख एकच. पण त्यासाठी तो चार वर्षे खेडोपाडी जात्यावरच्या ओव्या गोळा करीत हिंडला होता. त्याच्या रकान्यात शून्य. मी सत्तावीसवाल्याला वरचे गुण दिले आणि समाधानाने घरी आलो. आकडा काही पक्षपात करीत नाही!

रात्री जेवताना ही हकीकत सांगितली. आमची कन्या रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पॅटर्सनलाही नापास केलं असतंत."

"हा कोण?"

मग ताटावरचे हात वाळेपर्यंत तिने मला या माणसाची कथा सांगितली.

क्लेअर पॅटर्सन हा अमेरिकेतल्या आयोवाचा, जन्म १९२२ चा. युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे बनते. त्या हिशेबाने पृथ्वीचे वय काढावयाचे, हे काम त्याने शिकागोत हाती घेतले. पण शिशाची मोजदाद काही केल्या जुळेना. हवेत शिसे, धुळीत शिसे, स्वतःच्या केसांत आणि कपड्यांतही शिसे! तेव्हा हा गृहस्थ वर्षानुवर्षे नुसती साफसफाई करीत बसला. पुढे कॅलिफोर्नियात गाळलेल्या हवेची प्रयोगशाळा उभारली आणि उल्केच्या तुकड्यावरून पृथ्वीचे वय काढले : ४५५ कोटी वर्षे. तो निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. आकडा आजही जवळजवळ तोच आहे.

दुसरा कोणी असता तर हारतुरे घेत बसला असता. याला मात्र एकच भुंगा लागला : मला छळणारे इतके शिसे आले कोठून? इंजिन ठोके देऊ नये म्हणून १९२० नंतर पेट्रोलमध्ये शिसे मिसळू लागले होते. समुद्राच्या खोल पाण्यापेक्षा वरच्या पाण्यात शिसे अधिक, असे त्याने १९६३ साली दाखविले. पाठोपाठ तेलधंद्याकडून मिळणारे साहाय्य बंद झाले. १९६५ साली त्याने लिहिले की, माणसाच्या अंगात निसर्गाने दिले असते त्याच्या सुमारे शंभर पट शिसे आहे. १९७१ साली हवेतल्या शिशाचा विचार करणारी तज्ज्ञ-समिती नेमली, तीत हाच नव्हता! ५ डिसेंबर १९९५ ला तो वारला. १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांना शिशाचे पेट्रोल बंद झाले.

"आणि त्याचा रकाना?" मी विचारले.

"हिर्श नावाच्या शास्त्रज्ञानं २००५ साली एक मोजमाप काढलं. वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस हवाले असतील, तर तुमचा आकडा वीस. म्हणजे पृथ्वीचं वय सांगणारा निबंध धरायचा एक! आणि शाळेच्या पुस्तकात वय छापतात, त्याला कोण हवाला म्हणतं?"

मी गप्प झालो. आपल्याकडे शिशाचे पेट्रोल २००० साली गेले. कन्या त्यानंतर जन्मली. रक्तात गेलेले शिसे लहान मुलांची बुद्धी मंद करते, म्हणतात. समोर बसून मला चार गोष्टी सुनावणाऱ्या या मुलीच्या रक्तात जे शिसे गेलेच नाही, ते कोणाच्या रकान्यात मांडावयाचे?

आणि मी मराठीचा मास्तर! ओवी कोणी रचली हे आपल्याला ठाऊक नसते. ती इतक्या जणींची झाली की रचणारीचे नाव गळून पडले. हा तिचा कमीपणा की मोठेपणा? वर्गात हे मी वीस वर्षे रंगवून सांगतो आहे, आणि ओव्या गोळा करणारा माणूस समोर आला तेव्हा मी रकाना पाहिला.

निर्णय होऊन गेला होता. तो मुलगा आता दुसऱ्या गावी तासिकांवर शिकवितो. मी पत्र पाठवून त्याचा लेख मागविला आणि प्रथम वर्षाला वाचून दाखविला. परवा एक विद्यार्थिनी सांगत होती, "सर, आजीला विचारलं, तर तिनं तीन ओव्या म्हटल्या. तुमच्या त्या लेखात नाहीत हो!"

तिच्याकडून त्या उतरवून घेऊन मी त्याला धाडल्या. त्याच्या रकान्यात अजून शून्यच आहे.