दोन वर्ग

चित्र काढताना विद्यार्थी उभा राहतो की गुडघे मोडून बसतो, ही गोष्ट कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु टोकियोच्या उएनो भागातील कलाशाळेत एके काळी याच गोष्टीवरून विद्यार्थ्याचा वर्ग ओळखता येई.

ही शाळा १८८७ साली स्थापन झाली व १८८९ साली तिचे वर्ग सुरू झाले. त्या काळी जपानात आगगाडी, कोट-पाटलोण आणि विलायती चित्रे यांचे मोठे कौतुक होते. घरचे ते जुनाट ठरू लागले होते. शाळेचे एक संस्थापक ओकाकुरा काकुझो यांस हे साहवत नसे. त्यामुळे आरंभी तेथे तैलरंगांना प्रवेशच नव्हता. विद्यार्थ्यांचा गणवेशदेखील त्यांनी हजार वर्षांहून जुन्या पोशाखाच्या धर्तीवर शिवविला! तो घालून भर रस्त्याने जाताना त्या मुलांची काय त्रेधा उडत असेल, ते त्यांनाच ठाऊक.

जपानी चित्रकलेच्या वर्गात कागद अथवा रेशमी वस्त्र जमिनीवर पसरीत व विद्यार्थी त्यावर ओणवा होई. निळा व हिरवा रंग खनिज दगड कुटून करीत. पांढरा शिंपल्यांच्या पुडीचा. ही पूड सरसात बोटाने कालवावी लागे. शाईची रेघ एकदा उमटली की पुसणे नाही. म्हणून ती रेघच वर्षानुवर्षे गिरवावयाची.

१८९६ साली तैलचित्रणाचा वर्ग निघाला. त्याचे गुरू कुरोदा सेइकी. हे गृहस्थ फ्रान्सला गेले कायदा शिकण्यासाठी आणि परतले चित्रकार होऊन! येथे लाकडी घोडीवर कापड ताणलेले असे व विद्यार्थी उभ्याने काम करी. प्रथम कोळशाने पुतळे रेखाटावयाचे, मग समोर बसलेला जिवंत माणूस. तेलात कालवलेला रंग सावकाश वाळतो. चुकले तर खरवडावे, पुन्हा लावावे. उजेड कोठून येतो, सावली कोणत्या रंगाची असते, इकडे सारे लक्ष.

योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकलेच्या वर्गात शिकलेले तरुण. तैलचित्रातील उजेड आणि हवा आपल्याच रंगांत उतरेल काय, या विचाराने त्यांना पछाडले. मग ज्या रेघेसाठी वर्षे वेचली तीच त्यांनी सोडली! कोरड्या कुंचल्याने ते रंग विरवू लागले. १८९८ साली ओकाकुरांनी शाळा सोडली, तेव्हा हे दोघेही त्यांच्यामागून निघाले. टीकाकारांनी त्यांच्या चित्रांना ‘धूसर’ म्हणून हिणविले. चित्रे विकली जाईनात, घरी ओढगस्त आली. १९०३ साली दोघे कलकत्त्यास आले. ताइकान ओल्या कुंचल्याने चित्रावरून पाणी फिरवतात, हे अवनींद्रनाथ ठाकुरांनी पाहिले आणि त्यांच्याही चित्रांत तो ओलसर धूसरपणा आला.

पुढे शुन्सोंची दृष्टी आजाराने अधू झाली. दृष्टी थोडी परतताच त्यांनी १९०९ साली पडद्यांच्या जोडीवर ‘गळलेली पाने’ हे चित्र रंगविले. १९११ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ते वारले. त्या चित्रात जमीन रंगविलेलीच नाही. तरीही पाने जमिनीवरच विसावली आहेत असे वाटते, आणि दूरची झाडे हळूहळू फिकट होत धुक्यात विरून जातात.