सोमवारची संध्याकाळ

तात्या काही लिहून घेत नसत. गिरगावातील त्या उपाहारगृहात सायंकाळी पाचनंतर पाय ठेवायला जागा नसे. कोपऱ्यातील टेबलावर दोन बटाटेवडे, खिडकीपाशी थालीपीठ आणि लोणी, मधल्या बाकावर तीन मिसळी, त्यांपैकी एक कमी तिखट, अशा पाच-सहा टेबलांच्या मागण्या डोक्यात साठवून ते भटारखान्याच्या दाराशी जात आणि एका दमात आचाऱ्याला सांगत. परत येताना त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बशा रचलेल्या असत. गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघाले, की ते तेथे पोहोचण्यापूर्वीच तात्यांचा आवाज मालकांच्या कानी पडे, "काळी टोपी, साडेसात आणे!"

शाळेत पाठ केलेली पावकी, निमकी आणि दिडकी त्यांना अशी जन्मभर उपयोगी पडली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा मात्र त्यांची तारांबळ उडाली. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा. पण तीन आणे म्हणजे अठरा नव्हेत, एकोणीस! कितीतरी दिवस ते हा नवा पाढा पुटपुटत चाळीचा जिना चढत-उतरत होते. पुढे हिशेबात एका पैशाचीही चूक झाली नाही, असे त्यांची मुले आजही अभिमानाने सांगतात.

तात्या मूळचे रत्नागिरीकडचे. चौथी इयत्ता होताच, दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी, ते आगबोटीने मुंबईस आले. त्या काळी कोकण रेल्वे नव्हती. ती पुढे १९९८ साली पुरी झाली. प्रथम एका खानावळीच्या मोरीवर ताटे घासली, मग एका इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबले पुसली आणि अखेरीस ते या मराठी उपाहारगृहात स्थिरावले. लहानपणी रात्री दुकानातील बाके जोडून त्यांवरच ते झोपत. या दिवसांविषयी ते फारसे बोलत नसत.

गिऱ्हाइकाला वड्याची चव वर्षानुवर्षे आठवते. तो वडा समोर कोणी आणून ठेवला, हे बहुधा आठवत नाही. तात्यांना त्याचे वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते निराळ्याच गोष्टीचे. पहाटे ते घर सोडीत, तेव्हा त्यांची तीन मुले झोपेत असत आणि रात्री अकरानंतर परतत, तेव्हाही झोपलेलीच असत. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीही कोठेतरी लग्नकार्यात पंगती वाढायचे काम ते धरीत. साऱ्या गिरगावाला खाऊ घालणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलांच्या पंक्तीला बसणे ठाऊक नव्हते.

१९६५ साल उजाडले. त्या वर्षी देशात दुष्काळ पडला, पाकिस्तानशी युद्ध झाले. परदेशांतून गहू आणावा लागत होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशवासीयांना आवाहन केले, की प्रत्येकाने आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडावे. सोमवारची संध्याकाळ त्यासाठी ठरली. अनेक उपाहारगृहांनी सोमवारी सायंकाळी आपली दारे बंद ठेवली. गिरगावातील हे उपाहारगृहही बंद राहू लागले आणि दिवेलागणीच्या वेळी तात्या घरी येऊ लागले.

योगायोग असा, की वडील घरी असण्याची ती एकच संध्याकाळ आणि नेमकी त्याच संध्याकाळी घरात चूल पेटत नसे! धाकट्याला आई कपभर दूध देई. थोरली दोघे मोठ्यांप्रमाणे नेम पाळीत. परंतु आठ वाजले, की पोटात कावळे ओरडू लागत. मुलांची तोंडे पाहून एका सोमवारी तात्यांनी खांद्यावर फडके टाकले, जमिनीवर पाट मांडले आणि विचारले,

"बोला शेठ, काय आणू?"

मुले क्षणभर गोंधळली. मग मागण्यांचा पाऊस पडला. साबुदाण्याची खिचडी, कोथिंबीरवडी, पियूष! तात्यांनी रिकाम्या बशा हातावर रचल्या, भिंतीकडे तोंड करून आचाऱ्याला साद घातली, नसलेल्या वाफेवर फुंकर मारली. शेवटी कोनाड्याशी बसलेल्या आईला ते ओरडून म्हणाले, "दोन वेण्या, एक रुपया पस्तीस पैसे!" हसता हसता भूक कोठे पळाली, ते कळलेही नाही. तेव्हापासून मुले सोमवारची वाट पाहू लागली.

एकदा बारा वर्षांच्या थोरल्या मुलीने फडके आपल्या खांद्यावर घेतले. "तात्या, आज तुम्ही गिऱ्हाईक. बसा." ते संकोचत पाटावर टेकले. इतकी वर्षे टेबलाच्या या बाजूला कोणी त्यांना बसविलेच नव्हते.

"काय आणू?"

पदार्थांची लांबलचक यादी एका दमात म्हणणारे तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "मऊ भात. ऊन ऊन. वर तूप-मेतकूट."

"आमच्याकडे नाही मिळत," धाकटा खेळाच्या ऐटीत म्हणाला. मुलगी मात्र हसली नाही. आई रात्री झाकून ठेवते ते ताट तात्या बसतात तेव्हा गार झालेले असते, हे तिच्या प्रथमच ध्यानात आले.

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे शास्त्रीजींचे निधन झाले. पुढे उपाहारगृह सोमवारीही पूर्वीप्रमाणे उघडे राहू लागले आणि तात्यांच्या संध्याकाळी पुन्हा तेथेच जाऊ लागल्या. मुलीने मात्र तेव्हापासून एक नेम धरला. पुस्तक उघडून ती अकरापर्यंत जागी राही. खाली जिन्यावर वहाणा वाजल्या, की ती रेशनच्या तांदळाचे छोटे पातेले स्टोव्हवर चढवी. तात्या हातपाय धुऊन पाटावर बसत आणि भात शिजेपर्यंत तिला दिवसभरातली गिऱ्हाइके सांगत.