एकट्याचा आवाज

गतवर्षीं स्नेहसंमेलनापूर्वीं आम्हीं शाळेचा गायनवृंद सोडला. चाळीस गळ्यांत आपला गळा कोणासच ऐकूं येत नाहीं, असें आम्हांस वाटूं लागलें होतें. एकट्यानें गाण्याची परवानगी मिळाली. काळी पांचमध्यें आरंभ केला, आणि दुसऱ्याच कडव्यास आवाज फाटला. 'पट्टी उतरव' असें आधीं सांगणारा शेजारीं कोणी नव्हता.

त्याच सुटींत वडील बंधूंनीं आम्हांस फ्रेडी मर्क्युरी याचीं स्वतंत्र गाणीं ऐकविलीं. हा इंग्लंडचा प्रख्यात रॉक गायक मूळचा पारशी, फारुख बलसारा. जन्म १९४६ चा, झांजीबारचा. शिक्षण मात्र आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत. तेथेंच तो पियानो शिकला व मित्रांसमवेत त्यानें 'हेक्टिक्स' नांवाचा वाद्यवृंद काढला. एकाच गाण्यांत हळुवार विलाप, ऑपेराचा थाट आणि गिटारचा कडकडाट आणावा, ही त्याची रीत. 'क्वीन' या चौघांच्या मंडळींत असतां १९७५ साली त्यानें रचलेल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मध्यें मोठा समुदाय गात आहेसा भास होतो. वस्तुतः ते तिघांचेच आवाज, पुनःपुन्हा मुद्रित करून एकावर एक रचलेले!

१९८५ साली त्यानें 'मिस्टर बॅड गाय' हा संग्रह एकट्याच्या नांवें काढला. अकराही गाणीं त्याचींच. सिंथेसायझर आणि नृत्याचा ठेका यांवर सारा भर. गळा तोच, तेजस्वी. तरी आम्हांस कांहीं उणें वाटलें. बंधूंस हें मान्य नव्हतें. त्यांतील 'लिव्हिंग ऑन माय ओन' हें गीत नव्या ठेक्यावर १९९३ साली इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेलें, असें त्यांनीं आम्हांस ऐकविलें. असो, लोकांचा कान आणि आमचा कान यांचें नेहमींच जमतें असें नाहीं.

मग आम्हीं एक प्रयोग केला. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' हें त्याच संग्रहांतलें गाणें. फ्रेडी १९९१ साली वारला, तेव्हां उरलेल्या तिघांनीं त्याचा तोच मुद्रित आवाज घेऊन त्याखालीं आपलीं वाद्यें नव्यानें वाजविलीं, व १९९५ साली 'क्वीन'च्या संग्रहांत तें गाणें घातलें. आम्हीं दोन्ही रूपें लागोपाठ ऐकलीं. दुसऱ्यांत गिटार आवाजास जणूं प्रत्युत्तर देते, ढोल त्यास पुढें ढकलतो. गाणारा तर हयात नव्हता. तरी तो अधिक जिवंत वाटला.

शेवटीं १९८८ चा 'बार्सिलोना'. येथें त्याच्यासमोर स्पेनची ऑपेरा-गायिका मोन्त्सेरात काबाये उभी आहे. तो ऑपेराची नक्कल करीत नाहीं, ती रॉकची करीत नाहीं. तिचा स्वर वर चढला कीं त्याचाहि मागें राहत नाहीं. मूळ संग्रहांत वाद्यवृंदाचें काम बहुतेक सिंथेसायझरवर भागविलें होतें. २०१२ साली तेथें खरा वाद्यवृंद घातला गेला. बंधूंस हा नवा आवडतो, आम्हांस जुनाच. याविषयीं आमचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

यंदा आम्हीं गायनवृंदांत पुन्हां नांव दिलें. जागा तिसऱ्या रांगेंत मिळाली आहे, आणि शेजारचा मुलगा आमच्याहून वर गातो.