खालचा थर

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, पण माझ्याकडे आउटबोर्ड मशिनं यायला लागतात ती त्याच्या आधीच. मुरबे, सातपाटी, आलेवाडी, नवापूर, दांडी. मोठ्या बोटींना पोटात डिझेल इंजिन असतं, त्यांचे मिस्त्री वेगळे. माझ्याकडे येतो तो खाडीत बोय-कोलंबी मारणारा माणूस. त्याच्या खांद्यावर टू-स्ट्रोक मशीन आणि टाकीच्या तळाशी मे महिन्यातलं पेट्रोल. कधी मशीन काही वर्षांचं पडीक असतं. मालक तारापूर एमआयडीसीत कामाला लागला, आता पुन्हा होडी काढतोय.

प्लग, इम्पेलर, खालच्या गिअरचं तेल यांवर लिहीत नाही. माझा जीव अडकतो तो मंद चालीच्या जेटात. मोठ्या जेटाचं भोक मोठं, तिथून मशीन कसंही पळतं. वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा बसतो तो छोट्या जेटात. मग चोकवर मशीन चालू होतं आणि चोक आत ढकलला की मरतं. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, रेस दिली की पळतंय की!" पळतं हो. पण जाळं ओढताना कुठे पळायचं असतं? खाडीच्या मुखाशी ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात. तिथे रेस कमी करावी लागते, लाट मागून होडी उचलते आणि नेमकं तेव्हा मशीन बंद पडलं तर होडी आडवी होते. ज्याला मंद चाल नाही ते मशीन मी दुरुस्त झालं असं म्हणत नाही, मग गिऱ्हाईक पैसे मोजून उभं असलं तरी.

काही मिस्त्री जेटात क्लचच्या तारेचा तंतू घालतात. पाच मिनिटांत काम, गिऱ्हाईक खूश. मला ते बघवत नाही. जेट पितळेचं, तार पोलादाची. भोक जरा मोठं झालं की मशीन जास्त पेट्रोल पितं, प्लग काळे पडतात, आणि ते भोक पुन्हा लहान होत नाही. मी जेट रात्रभर क्लीनरमध्ये भिजवतो आणि हवेने फुंकतो. शिवाय नुसतं जेट उघडून भागत नाही. त्याच्या पुढची कार्बोरेटरच्या अंगातली वाट आणि थ्रॉटलच्या पाकळीजवळची बारीक भोकं उघडेपर्यंत मी कार्बोरेटर जोडत नाही. यात दिवस जातो. जाऊ दे.

गर्व मला नाकाचा होता, तो लपवत नाही. टाकीचं झाकण उघडलं की पेट्रोल किती जुनं ते मी सांगायचो. जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो. लोक त्यासाठी मुद्दाम थांबायचे आणि मला ते आवडायचं.

आयटीआय करून माझ्याकडे शिकायला आलेल्या पोराने ते नाक निकामी केलं. तो वास घेतच नाही. टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढतो आणि उजेडात धरतो. एकदा त्याने मला हाक मारली, "काका, हे बघा." वर तेलाचा रंग असलेलं पेट्रोल, खाली बिनरंगी थर. वास मात्र मला ठीक वाटला होता.

कारण सरळ आहे. देशात २०२२ साली पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवर गेलं, २०२५ पर्यंत वीसवर. इथेनॉल पाणी ओढून धरतं. पावसाळ्यात झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा राहिला, पागोळीचं पाणी आत गेलं, की एका हद्दीपर्यंत ते पेट्रोलमध्येच विरघळलेलं राहतं. हद्द ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी उतरतात. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळतं, आणि ते तेल वरच्या थरात राहतं. पेट्रोलची नळी घेते तळातून. त्यावर मशीन चाललंच, तर पिस्टन कोरडा घासतो. फ्लोटच्या वाटीत हेच साचून राहिलं की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, आणि तिचा कण पुन्हा जातो त्याच छोट्या जेटात.

आता "नवीन पेट्रोल वर ओत, जुनं जळून जाईल" असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पूर्वी ते चालून जायचं. आज नवीन पेट्रोल वर ओतलं तरी नळी पहिल्यांदा तळातलंच खेचते. पण शंभराच्या वर भाव असताना दहा लिटर पेट्रोल टाकून दे म्हणणं जड जातं. खाडीतल्या माणसाचे ते हजार रुपये असतात. मेअखेरीस टाकी रिकामी करा, उरलेलं पेट्रोल लगेच वापरून टाका, फ्लोटची वाटी सुकी करा, हे मी दर उन्हाळ्यात सांगत फिरतो. निम्मे ऐकतात.

बाटली मी मानली. जेटाचं भोकही तो पोरगाच उजेडात बघतो, माझ्या डोळ्यांना ते आता दिसत नाही. एका गोष्टीवर मात्र आमचं रोज वाजतं. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू तो पुस्तकात दिलेले आटे मोजून लावतो आणि पाण्याच्या ड्रममध्ये मशीन चालवून पास करतो. ड्रममध्ये कुठलंही मशीन शहाण्यासारखं चालतं. होडीला बांधा, पंखा भर पाण्यात असू दे, गिअर टाका, दोन माणसं बसवा आणि मग स्क्रू फिरवत आवाज ऐका. यात मी त्याचं ऐकणार नाही.