कुठल्या प्रकाशनाचं?

हल्ली कादंबऱ्या वाचवत नाहीत, जुन्यासारखं कुणी लिहीत नाही, अशी तक्रार आमच्या वयाची माणसं सारखी करतात. मीही करायचे. ती तक्रार का सोडली, ते आज सांगते.

२०१९ सालची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नववीत माझ्या वर्गात होता, तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावचा. पिशवीतून एक पुस्तक काढलं, पाया पडला आणि म्हणाला, "बाई, कादंबरी लिहिली." मला आनंद झाला, पण तोंडातून पहिला प्रश्न काय निघाला? "कुठल्या प्रकाशनाचं?" तो जरा घुटमळला. "माझंच आहे, बाई. तीनशे प्रती छापल्या." मी "वा वा" म्हटलं, चहा केला. पाठीमागचं पान बघितलं, दुसऱ्याच ओळीत ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली. तो गेल्यावर पुस्तक खालच्या फळीवर ठेवून दिलं. वाचलं नाही.

मग ऑगस्ट २०२१ च्या शेवटी चाळीसगावात पूर आला. तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या गावात शिरल्या. आमच्याकडे गुडघाभर पाणी होतं. खालच्या फळीवरची सगळी पुस्तकं भिजली. दोन दिवसांनी ऊन पडलं तेव्हा ती गच्चीवर वाळत घातली. पानं चिकटू नयेत म्हणून एकेक पान सुटं करत बसले होते. तसं करता करता त्याच्या कादंबरीतलं एक पान वाचलं, मग पुढचं. संध्याकाळ झाली तरी मी तिथेच.

कादंबरी ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर गाव सोडायचं, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला परमुलखात जायचं, फडाशेजारी कोपी बांधायची, पहाटेच्या अंधारात मोळ्या वाहायच्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हिशेबाच्या वहीत बाई वेगळी मोजलेली नाही. त्यांच्याबरोबर एक मुलगा आहे. कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळत बसतो आणि शाळेत आता कुठला तास चालू असेल ते मनात म्हणतो.

मंडळी, त्या मुलाच्या नावापुढे महिनोन् महिने 'गैरहजर' लिहिणारी मीच होते. तो कुठे जातो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणखी एक. एका निबंधात त्याने बहिणीसाठी 'आंडेर' असा आपला अहिराणी शब्द लिहिला होता. मी लाल शाईने खोडून 'मुलगी' केलं होतं. कादंबरीत त्याची माय लेकीला 'मनी आंडेर' म्हणूनच हाक मारते. तिथे मी 'मुलगी' घालून वाचून पाहिलं. वाक्यच मेलं हो!

लाज वाटायला आणखी एक कारण होतं. १९७० च्या सुमारास कॉलेजात असताना मी 'कोसला' घरी आणली होती. वडिलांनी चार पानं चाळली आणि "हे कसलं मराठी?" म्हणून ठेवून दिली. मी केवढी भांडले होते! भालचंद्र नेमाडे आपल्या जिल्ह्यातले, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ साली 'कोसला' आली तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. रा. ज. देशमुखांनी ती छापली. त्याच काळात मुंबईत अशोक शहाणे 'असो' हे अनियतकालिक काढत होते. अनियतकालिक म्हणजे मजकूर आणि पैसे जमतील तेव्हा निघणारं. मोठ्या मासिकांच्या दारात उभं राहायचं नाही, आपलं आपण छापायचं, ही हिंमत मराठीत तेव्हापासूनची आहे. वडिलांशी भांडणारी मी, सत्तरीला आल्यावर वडिलांसारखीच वागले.

उगाच कौतुक करत नाही. स्वखर्चाने निघालेली पुष्कळ पुस्तकं फसलेली असतात. याच्याही कादंबरीत मुद्रणदोष आहेत, मधली चाळीस पानं कुणी काढून टाकली असती तर बरं झालं असतं. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी मला पुष्कळ गुळगुळीत पुस्तकांत सापडत नाही. ती कुणी मागितली म्हणून लिहिलेली नाही. लिहिल्यावाचून त्याला राहवलं नाही. आणि अशा पुस्तकावर कुणाचा शिक्का नसतो, त्यामुळे चांगलं की वाईट हे आपल्यालाच ठरवावं लागतं. पारितोषिक नंतर येतं, वाचक आधी लागतो.

त्यानंतर मी आजचं शोधून वाचू लागले. अवधूत डोंगरे यांची 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट' वाचली, तिला २०१४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' वाचली. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात परत जातो, एवढीशी गोष्ट! तिला २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला. काही जमलं, काही डोक्यावरून गेलं. पण जुन्यासारखं कुणी लिहीत नाही ही तक्रार गेली. बरंच आहे की, नाही लिहीत ते!

असो. गच्चीवरूनच त्याला फोन केला होता. "बाई, तुम्ही वाचली?" म्हणाला, आणि बराच वेळ गप्प. दोनशे प्रती अजून पलंगाखाली होत्या. दुसरी कादंबरी अर्धी लिहून ठेवली होती. "मग राहूनच गेलं, बाई. कुणी काही बोललंच नाही." त्या 'कुणी'त मी होते.

दहा प्रती विकत घेतल्या, नातेवाइकांत वाटल्या. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे ती आली आहे त्यांनी वाचून त्याला दोन ओळी कळवा. वाईट वाटली तर तसं कळवा. दुसरीची वही त्याने पुन्हा उघडली आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत काम थांबतं, मग परत सुरू होतं. एकेक प्रकरण मला आणून देतो. मी पेन्सिलीने ऱ्हस्वदीर्घ तपासते. शब्दांना हात लावत नाही.