तळहातावरचा गंध

आमच्या कोकणातल्या घराच्या अंगणात जे तुळशीवृंदावन होते, त्याच्याभोवती आजीने घालून दिलेले कायदे कोणत्याही मामलेदार कचेरीतल्या कायद्यांहून कडक होते: द्वादशीला पान खुडायचे नाही, तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावायचा नाही, आणि नख तर कधीच लावायचे नाही. मला मात्र मंजिऱ्या चुरगळून हुंगण्याचे व्यसन होते, त्यामुळे त्या दरबारात मी कायमचा गुन्हेगार ठरलो होतो. पुढे महसूल खात्यात तीस वर्षे बदल्या झाल्या. प्रत्येक मुक्कामी हिने डालड्याच्या डब्यात एक रोप जगवले. परंतु दप्तरातल्या धुळीने नाकाची रसिकता मारली म्हणा, किंवा वय झाले म्हणा, तो वास घेणे माझ्या हातून सुटले ते सुटलेच.

निवृत्तीनंतर पोर्तुगाल पाहण्याची लहर आली. हिने गुडघ्यांची सबब सांगून अंग काढून घेतले, आणि पेन्शनीचा हिशेब मनात धरून मी पोर्तो शहरी एका हॉस्टेलमध्ये, सहा जणांच्या खोलीत, दुमजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटले. सोबतीला ब्राझीलचा एक विद्यार्थी, एक कोरियन मुलगी, आणि सुमारे अडीचशे किलोमीटरांवरच्या सांतियागोला पायी निघालेले एक पोलिश जोडपे. त्या दोघांच्या तळपायांचे फोड पाहून मला आपल्या वारकऱ्यांची आठवण झाली. तारीख 23 जून. सकाळच्या गाडीचे तिकीट खिशात असल्याने मी लवकर आडवा झालो; परंतु दहाच्या सुमारास रस्त्यावर असा कल्लोळ माजला, की रीतसर तक्रार गुदरण्यासाठी मी खाली आलो. तेथे बसलेल्या मुलीने माझे निवेदन शांतपणे ऐकून घेतले आणि प्लॅस्टिकचा एक हातोडा माझ्या टकलावर हाणला. हातोडा चीं करून ओरडला. आज सेंट जॉनची रात्र, आज शहरात कोणी झोपत नाही, असे सांगून तिने तो हातोडा माझ्याच हाती दिला, आणि ब्राझीलच्या पोराने मला दंडाला धरून बाहेर काढले.

हाच संत गोव्यात सांजांव होऊन पोरांना विहिरींत उड्या मारायला लावतो. येथे तो अनोळखी माणसांना एकमेकांच्या डोक्यात मारण्याचा परवाना देतो. हे हातोडे 1960च्या दशकातले. त्यापूर्वी लसणीच्या जातीच्या झाडाचे फुलासकट लांब दांडे फिरवीत असत, आणि जुनी माणसे ते अजून फिरवतात. एका आजोबांनी तो उग्र गोंडा माझ्या नाकावरून फिरवला तेव्हा, हातोडा हा सुधारणेचा निःसंशय पुरावा होय, असे माझे मत झाले. गल्लोगल्ली कोळशावर तार्ल्यांसारखे मासे भाजले जात होते, आणि त्यांतला एक पावावर ठेवून माझ्या हाती आला. किती पैसे द्यायचे ते शेवटपर्यंत कळले नाही.

आणि एका पायरीवर, पदपथाच्या कडेला, एक म्हातारी कुंड्या मांडून बसली होती. कुंडीत चेंडूसारखे गोल, इवल्या पानांचे दाट झुडूप. त्यात खोवलेले एक कागदी फूल आणि चार ओळींचे पद्य छापलेली चिमुकली पताका. मांजेरिकू, असे तिने नाव सांगितले. नावात मंजिरी ऐकू येताच व्युत्पत्ती रचण्याचा मोह मला झाला. परंतु ध्वनिसाम्यावर वंशावळी जुळवणाऱ्या विद्वानांचे हसे झालेले मी पाहिले आहे. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी मात्र तुळस, सब्जा आणि ही कुंडी यांचे गोत्र 'ऑसिमम' असे एकच लागते. मी वाकून नाक पुढे नेले, तोच म्हातारीने माझ्या मनगटावर चापट मारली. नाक लावले की झाड सुकते, हे तिचे म्हणणे ब्राझीलच्या पोराने मला समजावले. मग तिने स्वतःचा राठ तळहात झुडपावरून अलगद फिरवला, तो ओंजळीसारखा वळवून चेहऱ्याशी नेला आणि डोळे मिटले. निरांजनाच्या ज्योतीवरून हात फिरवून आरती घ्यावी, तसेच ते हुबेहूब होते. मीही तसेच केले. आणि भाजलेल्या माशांच्या त्या धुरात, आजीचे अंगण माझ्या तळहातावर उतरले. आजीच्या कायद्यात जी शिक्षा मला कधी झाली नव्हती, ती पंचावन्न वर्षांनी अशी बजावली गेली.

मध्यरात्री 1886 सालच्या लोखंडी पुलापाशी नदीवर आतषबाजी झाली. तिचे वर्णन करीत नाही. आतषबाजी सर्वत्र सारखीच असते. त्यानंतर कुंडी कुशीत घेऊन आम्ही पाचही जण दोरू नदीच्या काठाकाठाने, ती जेथे अटलांटिकला मिळते तेथवर चालत गेलो, आणि वाळूतल्या शेकोट्यांपाशी सूर्य उगवेपर्यंत बसलो. पोलिश बाईने जोडे काढून फोड वाऱ्याला लावले. माझी गाडी केव्हाच निघून गेली होती.

सरहद्दीवरच्या तपासणीत झाड अडकणार हे जाणून कुंडी मी हॉस्टेलच्या खिडकीत, त्या हातोडेवाल्या मुलीच्या हवाली केली. घरी आल्यापासून रोज सकाळी गच्चीतल्या तुळशीवरून हात फिरवतो आणि तळहात नाकाशी नेतो. पहिले काही दिवस हिने निमूटपणे पाहिले, मग एकदा चहाचा कप कठड्यावर ठेवीत म्हणाली, "अहो, आरती घेताय ती खरी, पण निरांजन तर मी अजून लावलंच नाही."